नवव्या पायरीवरून : एएफसी विम्बल्डन क्लबचा इतिहास

क्लबच्या स्थापनेचे वर्ष विचारले, तर एएफसी विम्बल्डनमध्ये दोन उत्तरे मिळतात. कागदोपत्री क्लब २००२ चा, सभासदांच्या लेखी १८८९ चा. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. मधली एकशे तेरा वर्षे कुणाच्या खात्यावर मांडायची, हा वाद इंग्लंडमध्ये न्यायनिवाड्याच्या थराला गेला होता, म्हणून आधी तो समजून घ्यावा लागतो. त्याशिवाय लंडनच्या एका उपनगरातल्या लोकांनी २००२-०३ मध्ये नवव्या पायरीवरचे, तिसऱ्या क्रमांकावर संपलेले, खेळाच्या दृष्टीने यथातथाच असलेले फुटबॉल एवढ्या गर्दीने का पाहिले, याचा उलगडा होणार नाही.

मराठी वाचकाला विम्बल्डन म्हटले की हिरवळ, पांढरे कपडे आणि टेनिस आठवते. त्याच उपनगराच्या दुसऱ्या अंगाला जुनी शाळा होती. तिच्या माजी विद्यार्थ्यांनी १८८९ मध्ये ‘विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स’ नावाचा फुटबॉल संघ काढला. खेळायला विम्बल्डन कॉमन हे सार्वजनिक माळरान आणि कपडे बदलायला शेजारचा ‘फॉक्स अँड ग्रेप्स’ पब, एवढाच काय तो पसारा. १९१२ मध्ये संघ प्लाउ लेनवरच्या मैदानात गेला आणि पुढची सुमारे ऐंशी वर्षे तिथेच राहिला. यातली बरीच वर्षे हौशी फुटबॉलमध्ये गेली. १९६३ मध्ये वेम्बलीवर सटन युनायटेडला ४-२ हरवून क्लबने एफए ॲमॅच्युअर कप जिंकला. चारही गोल एडी रेनॉल्ड्सचे आणि चारही डोक्याने मारलेले. बरोबर १२ वर्षांनी, १९७५ च्या एफए कपमध्ये, अजून लीगबाहेरच असलेल्या या संघाने पहिल्या डिव्हिजनमधल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर १-० हरवले. पुढच्या फेरीत आदल्या हंगामातला लीगविजेता लीड्स समोर होता. त्याच्या घरच्या मैदानावर गोलरक्षक डिकी गायने पीटर लोरिमरची पेनल्टी अडवली आणि सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. लोरिमरचा फटका म्हणजे तोफगोळा समजला जाई. फेरसामना लीड्सने १-० जिंकला, पण गायचे नाव गावाने कायमचे लक्षात ठेवले. हे गृहस्थ पुढे पुन्हा भेटतील.

१९७७ मध्ये क्लबला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. त्या काळी तो मैदानावरून थेट मिळत नसे, लीगमधल्या क्लबांच्या मतदानाने मिळे. वर्किंग्टनला काढून विम्बल्डनला घेण्यात आले. चौथ्या डिव्हिजनपासून पहिल्या डिव्हिजनपर्यंतची चढण संघाने नऊ वर्षांत पार केली आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप उचलला. गोल लॉरी सांचेझचा. जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी डेव्ह बेझंटने अडवली. वेम्बलीवरच्या कप-अंतिम सामन्यात पेनल्टी अडवण्याची ती पहिलीच वेळ होती. लांब चेंडू फेकणारा, धसमुसळा आणि ड्रेसिंगरूममधल्या खोड्यांसाठी कुप्रसिद्ध असा हा संघ सगळ्या देशाला आवडत होता, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आवडत होता तो विम्बल्डनला.

घसरण मैदानावर सुरू झाली नाही. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरी झाली. तिच्या चौकशीनंतर वरच्या डिव्हिजनच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची देणे सक्तीचे झाले. उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या असलेले जुने प्लाउ लेन त्या मापात बसणार नाही, असे मालकांनी ठरवले. १९९१ मध्ये संघ ‘तात्पुरता’ म्हणून क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाड्याने राहायला गेला. पुढे प्लाउ लेनची जमीन एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. स्थानिक परिषद आणि मालक एकमेकांकडे बोटे दाखवत राहिले आणि भाडेकराराचे नूतनीकरण होत राहिले. मध्येच क्लब डब्लिनला नेण्याची टूम निघाली. म्हणजे इंग्लंडच्या लीगमधला संघ आयर्लंडमध्ये घरचे सामने खेळणार! ती बारगळली. २००० मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला. योगायोग असा, की तारीख कप जिंकल्याचीच होती, १४ मे.

ऑगस्ट २००१ मध्ये व्यवस्थापनाने जाहीर केले, की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. लंडनच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवरचे हे शहर १९६७ पासून आराखड्याबरहुकूम वसवलेले. तिथे लीगमधला क्लब नव्हता आणि स्वतःचा क्लब खालून वर आणण्याइतकी उसंतही नव्हती. तेव्हा बाहेरून एक तयार क्लब आणावा, असा हिशेब. इंग्लंडमध्ये क्लब एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले होते, नदी ओलांडूनही गेले होते, पण आपले गाव सोडून दुसऱ्या गावाचे झाले नव्हते.

विम्बल्डनच्या प्रेक्षकांनी तो शेवटचा हंगाम मैदानावर फुटबॉल आणि मैदानाबाहेर आंदोलन असा काढला. अधिकृत सामनापत्रिका विकत घेणे बंद झाले. तिच्याऐवजी समर्थकांनी ‘यलो अँड ब्लू’ या नावाने स्वतःची पत्रिका काढली. आयव्हर हेलर या समर्थकाचा छपाईचा व्यवसाय होता, तो इथे कामी आला. दरवाजाबाहेर उभे राहून लोक ती विकत. पुढे क्लब उभा करताना लागलेली बरीचशी कौशल्ये, म्हणजे छपाई, विक्री, पैशांचा हिशेब, पत्रकारांशी बोलणे, ही मंडळी याच वर्षात शिकली. विरोधाच्या वर्षभरात एका कार्यकारिणीची पूर्वतयारी होऊन गेली होती. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आले नसावे.

२८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने निकाल दिला. दोन विरुद्ध एक मताने क्लबला मिल्टन कीन्सला जाण्याची मुभा मिळाली. विरोधात मत देणारे ॲलन टर्वी खालच्या फळीतल्या इस्थमियन लीगचे प्रमुख होते. वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात क्लब कसे जगतात, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होते. निकालपत्रात एक शेराही होता. समर्थकांनी ‘विम्बल्डन टाउन’ किंवा तसल्या एखाद्या नावाने राखेतून नवा क्लब उभारणे हे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, अशा आशयाचा. समर्थकांना ही वाक्यरचना तोंडपाठ झाली. पुढे कैक वर्षे तिचा उपयोग टोमणा म्हणून होत राहिला.

निकालानंतर दोन दिवसांनी, ३० मेच्या संध्याकाळी, स्वतंत्र समर्थक संघटनेची सभा भरली. विषयपत्रिकेवर अपील, न्यायालय, बहिष्कार असे सगळे मुद्दे येऊ शकले असते. क्रिस स्ट्युअर्ट उठले आणि आपल्याला आता फक्त फुटबॉल बघायचे आहे, एवढेच म्हणाले. वर्षभर निवेदने लिहून दमलेल्या सभागृहाला हे पटले. त्याच सभेत नव्या क्लबची दिशा ठरली. स्ट्युअर्ट पहिले अध्यक्ष झाले. मार्क जोन्स, ट्रेव्हर विल्यम्स आणि छपाईवाले हेलर ही संस्थापकांमधली आणखी तीन नावे.

क्लबची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’ या समर्थकांच्या सहकारी संस्थेकडे राहील असे ठरले. सभासदाने कितीही पैसे घातले तरी मत एकच. सहकाराची ओळख असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉल क्लब म्हणजे खासगी कंपनी आणि तिचा अध्यक्ष म्हणजे धनको, हा तिथला शिरस्ता होता. एका मालकाने क्लब विकून टाकला, तेव्हा दुसरा चांगला मालक शोधण्याच्या भानगडीत ही मंडळी पडली नाहीत. मालक हे पदच काढून टाकले. पहिल्या हंगामाची खरी कमाई हीच होती, आणि ती पहिला चेंडू मारण्याआधी झालेली होती.

आता संघ हवा होता. १३ जूनला टेरी ईम्स प्रशिक्षक म्हणून नेमले गेले. ते विम्बल्डनचे जुने खेळाडू. २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे १८८९ च्या पोरांनी जिथे सुरुवात केली त्याच माळावर, खुली निवड चाचणी झाली. कुठल्या क्लबशी करार नसलेल्या कुणीही यावे, अशी जाहीर हाक होती. आले २३०. त्यात खालच्या लीगमध्ये बरीच वर्षे काढलेले होते, अकादमीतून बाहेर पडलेली पोरे होती आणि आपल्यालाही जमेल असे शनिवारी सकाळी वाटलेलेही होते. त्यांतून ईम्सनी संघ बांधला.

कर्णधार झाला जो शीरिन. त्याच्या नावावर एक मजेशीर नोंद होती. १९९७ मध्ये तो चेल्सीकडून वरिष्ठ संघात अगदी शेवटच्या मिनिटाला, काही क्षणांपुरता उतरला होता आणि ती त्याची चेल्सीकडची एकमेव हजेरी ठरली. त्या सामन्यातला प्रतिस्पर्धी होता विम्बल्डन. नव्या क्लबचा पहिलावहिला गोल, ब्रॉम्लीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात, ग्लेन मल्केअरने केला. पाच वर्षांनी हेच नाव साऱ्या ब्रिटनमध्ये गाजले, पण कारण वेगळे होते. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी राजघराण्याच्या कर्मचाऱ्यांचे फोनसंदेश चोरून ऐकल्याबद्दल या खासगी गुप्तहेराला २००७ मध्ये तुरुंगवास झाला. संस्थेच्या इतिहासात पहिला गोल करणारा माणूस आपल्या मर्जीने निवडता येत नाही.

पहिला सामना १० जुलैला सटन युनायटेडच्या मैदानावर झाला. १९६३ च्या अंतिम सामन्यातला तोच सटन. स्थापनेच्या सभेला जेमतेम सहा आठवडे झाले होते. मैत्रीपूर्ण सामना, आठवड्याचा मधला दिवस, आणि खेळाडूंची नावे बहुतेकांना माहीत नाहीत. तरी ४,६५७ लोक आले. सामना ०-४ असा गमावला. शिट्टी वाजताच पिवळ्या-निळ्या शर्टांचा लोंढा मैदानात उतरला आणि बाहेरून येणाऱ्याला वाटावे, की याच संघाने चार गोल केले असावेत.

१७ ऑगस्टला लीगचा प्रारंभ. कम्बाइन्ड काउंटीज लीग ही इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीतली नववी पायरी. प्रीमियर लीगपासून आठ पायऱ्या खाली. सरे, हॅम्पशायर, बर्कशायर या भागांतली छोटी गावे, त्यांचे क्लब, आणि मैदान म्हणजे बहुधा एका बाजूला छपरी, उरलेल्या तीन बाजूंना लोखंडी कठडा आणि पलीकडे झाडी. पहिला प्रतिस्पर्धी सँडहर्स्ट टाउन. लष्करी अकादमीमुळे गावाचे नाव जगभर माहीत, फुटबॉलमुळे मुळीच नाही. तिथे एरवी घरच्या सामन्याला काही डझन माणसे जमत. त्या शनिवारी २,४४९ जमली. विम्बल्डनने सामना २-१ जिंकला.

घरचे मैदान म्हणून किंग्स्टनमधले किंग्स्मेडो भाड्याने मिळाले होते. तिथल्या पहिल्या लीग सामन्याला चिपस्टेड या सरेमधल्या छोट्या गावाचा संघ आला. प्रेक्षक ४,२६२. चिपस्टेडने २-१ असे हरवून परतीची वाट धरली. चार हजार माणसांसमोर खेळण्याचा प्रसंग त्या खेळाडूंवर आयुष्यात पहिल्यांदाच आला असणार, आणि त्याचे दडपण त्यांच्याऐवजी यजमानांनीच घेतले. हंगामाची एक बाजू यात दिसते. या लीगमधल्या प्रत्येक छोट्या क्लबासाठी विम्बल्डनविरुद्धचा सामना हा वर्षातला सण होता. ॲश युनायटेड, कोव्ह, फार्नहॅम टाउन, फ्रिम्ली ग्रीन, शेजारचाच रेन्स पार्क व्हेल, सगळे त्या एका शनिवारसाठी जीव तोडून खेळत. चहाच्या टपरीवर रांग लागे, छापलेल्या सामनापत्रिका संपत, आणि एका दिवसाच्या तिकिटांतून महिनोन्‌महिन्यांचा खर्च निघे. विम्बल्डनच्या बचावफळीला मात्र प्रत्येक आठवड्याला कुणाच्या तरी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला तोंड द्यावे लागे.

खेळ कसा होता? प्रामाणिकपणे सांगायचे तर ओबडधोबड. चिखलात चेंडू अडके, पासपेक्षा फटके जास्त आणि सोमवार ते शुक्रवार नोकरीधंदा करून येणाऱ्या खेळाडूंचा दम शेवटच्या वीस मिनिटांत कमी पडे. तरी ४६ सामन्यांपैकी ३६ जिंकले, तीन बरोबरीत सुटले, सात हरले. गोल १२५ झाले आणि गुण १११. एरवी एवढ्या गुणांवर लीग खिशात असते. त्या वर्षी विदडीन २००० आणि एएफसी वॉलिंगफर्ड हे दोन संघ त्याच्याही वर होते. शेवटचे ११ सामने ओळीने जिंकूनही विम्बल्डन तिसरे राहिले आणि बढती हुकली.

बढती हुकल्याचे दुःख झाले, पण ते फुटबॉलमधले नेहमीचे, माहितीतले दुःख होते. दहा-बारा वर्षे या मंडळींना मैदान, मालक, आयोग आणि जागाबदल यांचीच काळजी होती. आता एप्रिलमध्ये गुणतालिका पाहून हळहळायची चैन पुन्हा परवडू लागली होती.

त्याच हंगामात जुना क्लब अजून सेलहर्स्ट पार्कवरच अडकून होता. मिल्टन कीन्सचे मैदान तयार नव्हते. तो दुसऱ्या पायरीवर खेळत होता, म्हणजे नव्या क्लबापेक्षा सात पायऱ्या वर. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या त्याच्या लीग सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. एएफसी विम्बल्डनची पहिल्या हंगामातली घरच्या लीग सामन्यांची सरासरी ३,००० च्या वर गेली. दोन्ही क्लबांचे आकडे शेजारी ठेवले की आयोगाचा निकाल गावाने अपिलात कसा फिरवला ते दिसते. जुना क्लब सप्टेंबर २००३ मध्ये मिल्टन कीन्सला गेला आणि २००४ पासून ‘एमके डॉन्स’ या नावाने खेळू लागला.

पहिल्या हंगामाच्या शेवटी क्लबने आणखी एक मोठा व्यवहार केला. २००३ मध्ये किंग्स्मेडोचा भाडेपट्टा खोसला कुटुंबाकडून २४ लाख पौंडांना विकत घेतला. पैशांसाठी समर्थकांमध्ये शेअरविक्री झाली, कर्जही काढले. आपले छप्पर आले. पण ते मैदान मुळात किंग्स्टोनियन या जुन्या क्लबचे. तो आर्थिक अडचणीत आल्यामुळे मैदान त्याच्या हातून गेले होते आणि आता त्याला आपल्याच घरात विम्बल्डनचा भाडेकरू म्हणून राहावे लागले. पुढे विम्बल्डनने किंग्स्मेडो चेल्सीला विकले, तेव्हा २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला गाव सोडून दुसऱ्यांच्या मैदानांवर फिरावे लागले. कायद्याने यात कुणाचे काही चुकले नाही. तरी बेघर होण्याचे दुःख ज्यांनी जगाला सांगितले, त्यांच्या इतिहासात ही ओळ सहसा बारीक टायपात छापली जाते, आणि ती ठळक छापायला हवी.

दुसऱ्या हंगामाबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण त्यात चढउतार नाहीत. २००३-०४ मध्ये संघाने ४६ पैकी ४२ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. गोल १८०, गुण १३०. केव्हिन कूपरने सर्व स्पर्धांत मिळून ६६ गोल मारले. फेब्रुवारीत प्रशिक्षक बदलला, टेरी ईम्स गेले आणि निकी इंग्लिश यांनी हंगाम पुरा केला, पण खेळाच्या वेगावर परिणाम झाला नाही. त्याच वर्षी आर्सेनल प्रीमियर लीगमध्ये अपराजित राहिला आणि त्याची पुस्तके निघाली. कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्येही कुणी हरले नव्हते, हे लंडनच्या नैर्ऋत्य भागाबाहेर फारसे कुणाला कळले नाही. फेब्रुवारी २००३ पासून सुरू झालेली लीगमधली ही अपराजित मालिका ७८ सामने चालली. ४ डिसेंबर २००४ रोजी क्रे वाँडरर्सने २-० हरवून ती संपवली.

पुढची चढण जास्त अवघड होती. डेव्ह अँडरसन यांच्या काळात इस्थमियन लीगची पहिली डिव्हिजन एका दमात सर झाली, मग प्रीमियर डिव्हिजनमध्ये गाडी अडली. दोन वर्षे प्ले-ऑफमध्ये हार. त्यातच २००७ चे प्रकरण. जर्मेन डार्लिंग्टन हा खेळाडू आधी कार्डिफ सिटीकडे नोंदलेला होता. कार्डिफ वेल्समध्ये, तिथली फुटबॉल संघटना वेगळी, त्यामुळे त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय परवानगीचा कागद लागत होता. तो घ्यायचा राहून गेला. शिक्षा म्हणून एफए ट्रॉफीतून हकालपट्टी आणि १८ गुणांची कपात झाली. अपिलात ती तीन गुणांवर आली. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या चिटणिसाने ही हकीकत वाचावी आणि आपली फाइल एकदा उघडून पाहावी.

२००७ मध्ये टेरी ब्राउन प्रशिक्षक झाले. २००८ मध्ये स्टेन्स टाउनविरुद्धच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात शेवटी-शेवटी दोन गोल करून २-१ असा विजय मिळाला. २००९ मध्ये कॉन्फरन्स साउथचे विजेतेपद आले. आणि २१ मे २०११ रोजी मँचेस्टर सिटीच्या स्टेडियमवर लूटन टाउनविरुद्धचा सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला. गोलरक्षक सेब ब्राउन हा लहानपणापासून याच क्लबचा समर्थक. त्याने दोन पेनल्टी अडवल्या. शेवटची कर्णधार डॅनी केडवेलने जाळ्यात मारली. ४-३. कॉमनवरच्या चाचणीनंतर नऊ हंगामांत पाच बढत्या घेऊन क्लब फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. डिकी गाय त्या वेळी क्लबचे अध्यक्षपद भूषवत होते, म्हणजे इंग्रजी रिवाजाप्रमाणे मानाचे अध्यक्षपद. ज्या माणसाने १९७५ मध्ये लोरिमरची पेनल्टी अडवली, त्याच्या साक्षीने ही पेनल्टीची लढत जिंकली गेली, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

जुन्या इतिहासाचा निकाल त्याआधीच लागला होता. समर्थक संघटनांच्या मध्यस्थीनंतर झालेल्या समझोत्यानुसार एमके डॉन्सने १८८९ ते २००३ चा वारसा सोडला आणि २००७ मध्ये करंडकांच्या प्रतिकृती, स्मृतिचिन्हे मर्टन या स्थानिक परिषदेकडे सुपूर्द केली. विम्बल्डन याच परिषदेच्या हद्दीत येते. वारसा गावाला मिळाला. क्लबाने तो आपल्या मानचिन्हांत मिरवला, यावर गावात कुणाची तक्रार नव्हती.

लीगमधली पहिली वर्षे तळाशी झगडण्यात गेली. २०१३ मध्ये शेवटच्या दिवशी फ्लीटवुडला २-१ हरवल्यामुळे क्लब कसाबसा टिकला. मग नील आर्डली या जुन्या विम्बल्डन खेळाडूच्या हाताखाली ३० मे २०१६ रोजी, म्हणजे स्थापनेच्या सभेला नेमकी चौदा वर्षे झाली त्या दिवशी, वेम्बलीवर प्लिमथला २-० हरवून संघ तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये गेला. दुसरा गोल धिप्पाड आडेबायो अकिनफेन्वाने पेनल्टीवर केला. त्याच वर्षी एमके डॉन्स वरून खाली घसरला आणि दोन्ही क्लब एकाच डिव्हिजनमध्ये आले. दोन वर्षांनी एमके डॉन्स आणखी खाली गेला आणि विम्बल्डन वर राहिले.

घरी परतायला मात्र आणखी वेळ लागला. जुन्या प्लाउ लेनपासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान होते. तिथे स्टेडियम बांधण्यास डिसेंबर २०१५ मध्ये परिषदेने परवानगी दिली. काम अर्ध्यावर आले आणि पैसे अपुरे पडले. बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा हिस्सा विकावा का, हा प्रश्न सभासदांपुढे आला. २००२ मध्ये काढून टाकलेले मालक हे पद मागच्या दाराने परत येण्याची ती वेळ होती. समर्थकांनी ‘प्लाउ लेन बाँड’ काढले आणि ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी नव्या प्लाउ लेनवर डॉनकास्टरविरुद्ध पहिला सामना झाला. २-२. कोविडच्या निर्बंधांमुळे एकाही समर्थकाला आत येता आले नाही. एकोणतीस वर्षे वाट पाहिलेली माणसे घरी टीव्हीसमोर बसली होती. त्याच साथीच्या काळात क्लबच्या समर्थकांनी ‘डॉन्स लोकल ॲक्शन ग्रुप’ काढून दुकानांबाहेर शिधा गोळा केला आणि गरजू घरांना पोहोचवला. सामनापत्रिका विकायला दारात उभे राहण्याची सवय तिथे उपयोगी पडली.

२०२२ मध्ये क्लब पुन्हा चौथ्या पायरीवर, लीग टूमध्ये घसरला. जॉनी जॅक्सन प्रशिक्षक म्हणून आले. पहिला हंगाम रटाळ गेला, समर्थकांनी कंटाळूनही तिकिटे काढली.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाने वँडल नदीला पूर आला. पाणी ओसरल्यावर दिसले, की प्लाउ लेनच्या हिरवळीखालची जमीनच खचली आहे आणि मैदानात मोठा खड्डा पडला आहे. त्याच आठवड्यात लीग कपसाठी प्रीमियर लीगमधला न्यूकॅसल युनायटेड तिथे येणार होता. वर्षातला सर्वांत मोठा गल्ला त्या सामन्यातून मिळायचा. सामना न्यूकॅसलच्या मैदानावर हलवावा लागला आणि विम्बल्डन तो १-० हरले. समर्थकांनी दुरुस्तीसाठी ताबडतोब देणग्या गोळा करायला सुरुवात केली. त्यात न्यूकॅसलनेही भर घातली. सँडहर्स्ट-चिपस्टेडच्या चिखलातून आलेल्या क्लबाला मैदान दुरुस्त करणे नवे नव्हते, फक्त या वेळी खर्चाचे आकडे मोठे होते. हंगामाच्या शेवटी संघ प्ले-ऑफमध्ये पोहोचला आणि २६ मे २०२५ रोजी वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० हरवून लीग वनमध्ये परतला. गोल माइल्स हिपॉलिटचा, पहिल्या सत्राच्या अखेरीस. क्लबची बहुमताची मालकी आजही डॉन्स ट्रस्टकडे आहे आणि ट्रस्टच्या सभेत प्रत्येक सभासदाला एकच मत आहे.